पडद्याचा शब्द

बिराजदार सरांनी चाळीस शब्द दिलेत, सोमवारपर्यंत.
जुन्या शोकांतिकेतले. एक राजा, त्याचा धाकटा भाऊ, विष,
आणि पानोपानी इतकी जोडाक्षरं
की कांडीत सूत गुंतावं
तशी जीभ गुंतते.

किंकर्तव्यमूढ. हतभागिनी. प्रतारणा.
मी लिहून घेते टॉवेलच्या लेबलांच्या पाठीवर,
छपाई चुकलेली, कारखान्यातून फुकट आणलेली.
शेजारचा माग रात्रपाळीला लागला
की पाठांतर बरं होतं:
किं-कर्तव्य, खटक. मूढ, खटक.

अम्मा सुपातल्या विड्या तेलुगूत मोजते.
मध्येच विचारते, हे मराठीच ना?
आमच्याशी असं कुणी बोललं नाही कधी,
ना रेशनवाला, ना दवाखान्यातली बाई.
राजे बोलायचे, मी म्हणते.
मरतानासुद्धा?
मरताना तर जास्तच.

'अनुताप'पाशी मी अडले.
नान्ना जेवत होते,
शेंगाच्या आमटीत कडक भाकरी चुरून.
मान वर न करता म्हणाले,
"अनुतापाच्या ज्वाळांनी हे हृदय...
मग तीन मोजायचे. मग दोरी."

कसली दोरी?

पडद्याची. सोलापुरात गिरणीचा भोंगा वाजत होता तेव्हा
कामगारांचं नाटक बसायचं दरवर्षी.
येमूल मास्तर राजा, मिशी काढून इरय्या राणी,
आणि विंगेत नान्ना,
तळहाताला दोर गुंडाळून
एका शब्दाची वाट बघत.
सहा वर्षं. पडदा एकदाही चुकला नाही.

"त्याला शेवटी ताप चढायचा ना," ते म्हणाले,
"राजाला. त्यातच जायचा बिचारा.
मला वाटायचं, एवढा दरबार भरलाय,
कपाळावर ओली पट्टी ठेवायला कुणी नाही."

अम्मा हसली. मीही.
मग वहीतला अर्थ वाचून दाखवला:
आपल्या हातून घडलेल्याची
मागाहून होणारी जळजळ.

भाकरी आमटीत विरघळत गेली.
भिवंडीला आमचे धाकटे काका आहेत.
त्यांचं नाव या घरात निघत नाही.
"मागाहून," नान्नांनी विचारलं, "म्हणजे किती?"

वहीत नव्हतं.

हात धुतल्यावर त्यांनी उजवा तळवा
दिव्याखाली उघडून पाहिला.
मला तिथे दोराचा वळ दिसला.
मागाचाही असेल.

एकोणचाळीस शब्दांची वाक्यं केली.
एक जागा कोरी सोडलीय.
सर अर्धा मार्क कापतील.