आधी प्लग

घंटागाडी येते सव्वानवाला.
तेव्हा मी पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला असते,
हे सातपूरला पोचलेले,
आणि अण्णांच्या गुडघ्यांना सात मजले नि बंद लिफ्ट
एकाच दिवशी झेपत नाही.
म्हणून सिंकखाली हे यंत्र आलं.

"दुधीच्या सालीला अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर?"
अण्णा हसले.
मग बसवणारा पोरगा गेल्यावर
बॅटरी दातांत धरून ओट्याखाली शिरले,
आणि तासाभराने बाहेर आले
ते पुन्हा कामावर रुजू झाल्यासारखे.

पाती नसतात त्याला, म्हणाले, दोन बोथट हातोड्या असतात.
कांद्याची साल नको, ती कागदासारखी चिकटून बसते.
शेवग्याची शेंग नको, मक्याची दाढी नको,
भात नको, आत जाऊन फुगतो.
तेल तर नाहीच,
थंडीत नळीत त्याची मेणबत्ती होते.
"मग घालायचं काय?"
"दुधी, काकडी, पपईची साल.
द्राक्षं हवी तेवढी. नाशकात आलंय, खाऊ दे."

पाणी आधी सोडायचं, गारच,
आणि यंत्र थांबल्यावर मनात तीस मोजून बंद करायचं.
मी विसालाच नळ फिरवायची.
बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा: "दहा राहिले."

महिन्यातून एकदा बर्फ आणि खडेमीठ.
तेव्हा ते असं काही दळतं
की खालच्या बोराडे बाई फोन करतात, फरशी काढताय का?
मग लिंबाची सालं.
मग रबरी झडप उलटी करून जुन्या टूथब्रशने घासणं,
कारण वास यंत्राला येत नाही,
झडपेच्या पाठीला येतो.

भोगीच्या दिवशी ते अडकलं.
घशात काटा गेलेल्या माणसासारखं नुसतं हुं हुं करू लागलं.
भाजी गॅसवर, बाजरीचं पीठ परातीत,
मी स्विच बंद केला, बाही वर सारली
आणि हात आत घातला.

अण्णा कधी आले कळलं नाही.
माझं मनगट धरलं त्यांनी
तीन बोटांनी आणि दोन अर्ध्या बोटांनी,
आणि बरणीतून काढावा तसा हात वर काढला.
ओरडले नाहीत.
खाली वाकून प्लग उपसला,
मला दिसेल असा ओट्याच्या कडेवर ठेवला.
"स्विच बंद होता," मी म्हटलं.
"स्विच दुसरं कुणीही दाबतं."

बुडाच्या भोकात षट्कोनी चावी घालून
पुढे, मागे, पुढे.
चिमट्यात आला तो शर्विलचा चिंचोका,
एका बाजूने सोललेला.

"कुणी दाबला होता?"
लग्नाला अकरा वर्षं झाली, पहिल्यांदाच विचारलं.
ते चावी पुसत राहिले. बराच वेळ.
"जेवणाची सुट्टी संपली होती. पोरगं नवीन.
त्याला वाटलं, मीही अजून डबाच खातोय."
मग लाल बटण आत ढकललं, टक्.
"पुढे चांगला निघाला. येतो की चहाला."

निरगुडे मामा.
सोफ्यावर एवढी जागा असून
कायम अण्णांच्या डाव्या अंगाला.
मी समजत होते,
त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं.

आज शनिवार. ते आलेत.
आतून हसण्याचा आवाज येतोय, कुठल्याशा जुन्या फोरमनवरून.
आल्याचा चहा उकळतोय,
सकाळची दुधीची सालं सिंकमध्ये पडलीत,
माझा हात सवयीने स्विचकडे गेला.

सालं गोळा केली.
डब्यात भरली, झाकण दाबलं.
उद्या रविवार आहे, घंटागाडी मी गाठेन.