खजुराच्या सात बिया

जुलैत मनामात सकाळी सातलाच
हवा अंगाला चिकटते ओल्या घोंगडीसारखी,
म्हणून आम्ही मॉलमध्ये चालतो,
शटरं वर जायच्या आधी,
फरशी पुसणारा बिष्णू
आणि अर्धेच कपडे चढवलेले पुतळे
एवढेच जागे असतात तेव्हा.

उजव्या खिशात खजुराच्या सात बिया.
एक फेरी झाली की एक बी डाव्या खिशात.
सदतीस वर्षं गोदीच्या स्टोअरमध्ये काढली मी,
माल आत, माल बाहेर,
नोंदीशिवाय एक वॉशर हलला नाही.
अजून झोपेतून उठवून विचारा,
तीन इंची गॅस्केट?
रांग चार, कप्पा अकरा.

आणि गेल्या रमजानमध्ये
दूध उतू चाललेलं,
मी ओट्याशी हात पुढे करून उभा,
"ते दे... अगं ते... पकडायचं..."
सुनेत्राने पदराने पातेलं उतरवलं.
शब्द नाही दिला.
मीही मागितला नाही. लाज वाटली.
त्या दिवसापासून कप्पा रिकामा,
आणि रिकामा कप्पा
भरलेल्याहून जास्त दिसतो, हे स्टोअरवाल्याला विचारा.

डॉक्टर इहसान, खार्तूमची बाई,
माझ्या डोक्याचा काळापांढरा फोटो उजेडाला धरून म्हणाली,
"इथे आत समुद्रघोडा असतो, करंगळीएवढा.
खरं तर दोन. इकडे एक, तिकडे एक.
नव्या आठवणी त्यांच्या पाठीवरून आत जातात.
वयाबरोबर वाळतात थोडे. माझेही वाळतायत."
मी म्हटलं, गोळी?
"त्याची गोळी नाही माझ्याकडे.
रोज दम लागेल इतकं चाला,
रक्त पोचलं की चारा मिळतो त्यांना."
परत भरतात?
"काहींचे, थोडे. तुमचे भरतील असं लिहून देत नाही.
चाला."

मुहर्रकच्या मासळीबाजारात, सत्त्याऐंशी साली,
मी खरा पाहिलाय.
साफीच्या ढिगात चुकून आलेला,
शेपटीने गवताची एक काडी धरून.
सगळं जाळं उपसलं गेलं, मासे मेले,
याने काडी सोडली नव्हती.

सोबत जासिम असतो. भूगोल शिकवायचा.
त्याचा आजा मोत्यांसाठी बुड्या मारायचा.
"आजाने श्वास रोखून कमावलं,
मी श्वास टाकून राखतोय," म्हणतो
आणि एस्केलेटरपाशी कमरेवर हात ठेवून
नकाशातल्या नद्या आठवतो.
अर्ध्या अरबीत, अर्ध्या हिंदीत
आमचं बरं चालतं.
उरलेलं पाय बोलतात.

आज चौथी फेरी.
कानशिलं गरम, बनियन पाठीला,
डोक्यात काहीच नाही, खरंच काही नाही,
बुटांच्या दुकानाचं वळण आलं आणि
"सांडशी!"

मोठ्याने. अख्खा मॉल घुमला.
बिष्णूचा मॉप पडला.
जासिम थांबला. "कोण?"
"सांडशी," मी म्हणालो, "चार महिन्यांनी परत आली."
"अल्हम्दुलिल्लाह," म्हणाला तो गंभीरपणे,
"घरून भांडून गेली होती?"

मी हसत राहिलो, चालत राहिलो,
तिचे दोन्ही पाय मला स्पष्ट दिसत होते,
एक काळवंडलेला,
खिळा जरा सैल.

आता पहिलं शटर करकरतंय.
पोटऱ्या सांगतात सात झाल्या.
खिशात हात घालतो तर
उजवीकडे एक बी बाकी.
म्हणजे फेरी विसरलो,
नाहीतर नोंद.
जासिम म्हणतो, यल्ला, चहा.
सुनेत्राला फोन करायचाय, एकच शब्द सांगायला.

पण स्टॉक जुळत नाही तोवर
कुलूप लावायचं नाही, अशी सवय.
संशयाचा फायदा
पायांना देतो,
आणि वळतो.