हातचा

रुमाल सोडला की आधी शिंक येते,
मग माणसं.

पेटा भुदरगड. सन सोळा ते एकोणीस.
लढाईवर गेले दोनशे अकरा,
त्यांतले न आलेले अडतीस, असं दरबारचं रजिस्टर म्हणतं.
पलटणीची यादी म्हणते एकेचाळीस.
गावोगावच्या चावडीतल्या फरश्या मी स्वतः पुसून वाचल्या
(एकीवर गोधडी वाळत होती,
एकीवर पोलिओच्या डोसाची तारीख),
त्यांची बेरीज छत्तीस.

पोवारमॅडम कपातला चहा बशीत ओतून देतात,
"दोन-तीन इकडंतिकडं व्हायचंच की वो. शंभर वर्सं झाली."
दोन-तीन.
इकडं म्हणजे शेळपवाडी.
तिकडं म्हणजे बसरा.

साहेबाच्या कानावर जे पडलं ते साहेबानं लिहिलं.
यसबा झाला जेसोबा,
चौगुले झाले चोगली,
आणि तिघांच्या गावापुढं नुसतं ‘कोलापूर’.
मरणाचं कारण : ताप. ताप. हगवण. ताप.
गोळी क्वचित.
तळाशी एक ओळ, ‘खेचरांकडील इतर नऊ’.
खेचरांची मात्र वेगळी यादी आहे,
एकेकाचा नंबर, रंग,
कपाळावरचा ठिपका कुठं आहे तेसुद्धा.

एकम मांडतो, दशक मांडतो,
हातचा एक धरतो अंगठा मिटून,
आणि दर खेपेला
तो एक हातचाच राहतो.

शेळपवाडीची फरशी शाबूत होती :
गेले सात, पैकी एक. दौलू सिदू रेडेकर.
कचेरीच्या पावतीपुस्तकात त्याची पेन्शन,
सगुणा कोम दौलू, विधवा, महिना चार रुपये,
दर महिन्याला अंगठा. रेघ न् रेघ मोजावी इतका स्वच्छ.

गारगोटीपर्यंत एसटी. पुढं चालत.
नात गोठ्यात शेण भरत होती, अनुसयाबाई.
पाटी खाली न ठेवताच म्हणाली,
"दौलूला हुडकत आलासा व्हय?
त्यो गेलाच न्हाई. त्याच्या पायाला नारू.
केरबा गेला, धाकटा. मिसरूड फुटलं न्हवतं,
म्हणून थोरल्याचं नाव सांगितलं भरतीला.
मग चिट्ठी आली, दौलू मेला.
म्हातारीनं गाव गोळा करून हंबरडा फोडला, नाव घेतलं दौलूचं,
आणि आमचा आजा समोरच बसलेला
डोकं भादरून, केरबा होऊन."

मी वही उघडली नाही.

"पेन्शनला आजीला त्योच न्यायचा गाडीतनं.
कचेरीच्या अलीकडं ओढ्यावर गाडी थांबवायची.
कुकू पुसायचं, अंगठा द्यायचा,
येताना त्याच ओढ्यावर पुन्ना लावायचं.
त्यो बैलांकडं बघत बसायचा तवर.
लोक म्हनायचे, दीर लई गुणाचा."

"मेला तवा?"

"तवा बी केरबाच मेला.
आजी तेवढी म्हनाली, आता न्हाई लावायचं परत."

पाटी उचलून ती उकिरड्याकडं गेली.
एवढंच.

आकड्याला काहीच झालेलं नाही.
एक तो एकच.
छत्तीस छत्तीसच्या जागी, अडतीस अडतीसच्या.
नावाच्या रकान्यात मात्र पेन्सिल टेकवली की
दोघंही उठून उभे राहतात :
एक म्हणतो मी मेलोय, माझं नाव कुठाय,
दुसरा म्हणतो, नाव गेलं, मी कुठं जाऊ.
केरबा लिहावं, तर सगुणाचे सगळे अंगठे
एका ओळीत खोटे पडतात.
दौलू लिहावं, तर मिसरूड न फुटलेलं ते पोर
दुसऱ्यांदा जातं भरतीला.

पाच वाजले. शिपायानं रुमालाला गाठ मारली.
"झाली का बेरीज, सर?"
होईल म्हटलं.

बिंदू चौकात उसाचा रस घेतला.
सुटे घ्यायला हात पुढं केला
तर चार बोटं उघडी,
अंगठा अजून मिटलेला.