अकरा सेकंद

बारा वर्षं झाली, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात
घड्याळ माझ्याच हातात असतं.
मी विज्ञानाचा नाही. कार्यानुभव शिकवतो,
काथ्या, खळ, घोटीव कागद.
पण शर्यत म्हटली की हेडसर म्हणतात,
गिरामांना बोलवा, त्यांचा अंगठा इमानी आहे.

सेलूचं मैदान. चुन्याच्या दोन रेघा, मध्ये दहा मीटर.
सकाळी प्रश्नमंजुषा झाली. बझर दोन,
त्यातला एक दाबला की दाबलेलाच राहायचा,
म्हणून वालूरच्या पोरांना
स्टीलचं ताट आणि चमचा दिला.
प्रश्न आला, सूर्याचा उजेड इथं यायला किती वेळ?
ताट वाजलं, बझर ओरडला,
आणि मागच्या रांगेतून, जिची पाळीच नव्हती ती,
"पाचशे सेकंद" म्हणून मोकळी झाली.
तिच्या शाळेचे पाच गुण कापले.
प्रणिता मुंजाभाऊ ढगे, आठवी ब, देवगाव फाटा.

दुपारी गाड्या.
फुग्याच्या गाडीवरून परीक्षकांत जुंपली,
फुंकलेली हवा ही पर्यायी ऊर्जा का?
फुगा कंटाळून आपणच बसला.
अदनानची गाडी मिठाच्या पाण्यावर. मीठ घरी राहिलं,
मग त्यानं शाळेच्या बोअरचंच भरलं.
आमच्या बोअरला वरून मीठ लागत नाही.
चार मीटर गेली, टाळ्या पडल्या.

मग प्रणिता.
मेलेल्या सौरकंदिलाचं पॅनल,
डीव्हीडीच्या ट्रेतली मोटर,
खोकल्याच्या औषधाची चार झाकणं.
"आडनाव ढगे, आणि गाडी उन्हावर?" परीक्षक हसले.
ती हसली नाही. पहिलीपासून ऐकत असेल.

मी शिट्टी तोंडात धरली
आणि वर बघितलं. पौषातला एक चुकार ढग,
सरकी काढलेल्या बोंडाएवढा,
येऊन नेमका मैदानावर उभा.
नऊ कोटी मैल नीट आलेला उजेड
शेवटच्या कोसावर अडवलेला.

नियम असा: शिट्टीपासून तीन मिनिटं.
शिट्टी मी वाजवली.
अंगठ्याचं नियमात काही लिहिलेलं नाही.

गाडी उभी. पोरं गप्प.
प्रणिता उकिडवी बसलेली, ओठ हलत होते,
मला वाटलं देवाचं काही म्हणते आहे.
दोन मिनिटं गेली.
मग लिंबाच्या शेंड्यावर ऊन उतरलं,
टाकीवर, झेंड्याच्या खांबावर,
पोरांच्या डोक्यांवरून पळत पळत पॅनलवर.
"चालायली! चालायली!"
झाकणं करकरली, गाडी तिरपी झाली,
सरळ झाली, रेघ ओलांडली,
कुणी धरलीच नाही, तशीच पुढं गेली
आणि लिंबाच्या सावलीत शिरून गुमान बसली.

घड्याळात दोन मिनिटं छप्पन्न.
मी वहीत लिहायला वाकलो तर ती शेजारी उभी.
"सर, तीन मिनिटं सात झाले.
मी मनात मोजायले होते.
तुम्ही अकरा सेकंद उशिरा दाबलं."
मी म्हणालो, शिट्टी नीट ऐकू आली नाही.
"शिट्टी तुम्हीच वाजवली सर."

बारा वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं.
हरलेल्यांनी बोटं दाखवली होती, पालकांनी आवाज चढवले होते,
पण स्वतःच्या विरुद्ध हिशेब घेऊन
कुणी आलं नव्हतं.
कान तापले. वहीत लिहिलं: वेळेबाहेर.
खाली सही केली. तिनं सही वाचून पाहिली,
मान हलवली,
जणू मीच पास झालो होतो.

मग ती सावलीत गेली,
गाडी उचलली, पॅनलवरची धूळ ओढणीनं पुसली
आणि उन्हात ठेवली.
निघाली गाडी. सायकल स्टँडकडे, बक्षिसाच्या मंडपाकडे पाठ करून,
अदनान मागं पळाला, फुग्यावालाही.
माईकवर पहिला क्रमांक पुकारत होते.
घड्याळ खिशात होतं,
अंगठाही.