पंचेचाळीस मिलिमीटर

आमच्या गावाला गाडी नाही.
खेडला उतरा, मग एसटी, मग वळणं,
मग खाडीचा वास आला की पिशव्या आवरा.
मी पोस्टात होते. एकतीस वर्षं
लोकांची पत्रं गाडी असलेल्या गावांना धाडली.
मग निवृत्तीच्या पैशांतून
आगरात रूळ टाकले.

दोन रुळांमधलं अंतर पंचेचाळीस मिलिमीटर,
काडेपेटीच्या लांबीहून किंचित कमी.
लोखंड इथे टिकत नाही,
खारा वारा त्याचा भुगा करतो,
म्हणून पितळ.
स्लीपर ऐनाचे, होड्या सांधणाऱ्या रऊफने तासलेले,
चारशे बारा. पैसे घेतले दोनशेचे.
उरलेले, म्हणाला, हात बसवायला केले.
खडी म्हणजे फुटकी कौलं, कुटून, दोनदा चाळून.
इंजिनाच्या पोटात रिक्षाच्या वायपरची मोटर.

"सुपाऱ्या किती नेते?" भावाने विचारलं.
सात.
"सात!" म्हणाला,
आणि हसायला विहिरीकडे गेला.
(दुसऱ्या दिवशी येऊन
स्वतःच भरल्या. आठवी बसते का बघत होता.)

खरी अडचण वळणाची.
तीन डबे जोडले की आठ फुटांची त्रिज्या लागते.
आगर चिंचोळं, आणि पलीकडे गडगा.

त्या गडग्यापायी माझे वडील
आणि हमीदाबी परकारचे सासरे
एकोणीस वर्षं कोर्टाच्या तारखांना जात होते,
एकाच एसटीने, पुढच्या आणि मागच्या बाकावर.
मोजणी तीनदा झाली, तीनदा वेगळी आली.
दोघंही गेले. गडग्यावर नेचे उगवले.

मी कागदावर वळण काढून तिच्याकडे नेलं.
तिने कागद डोळ्यांपाशी धरला,
मग आणखी जवळ,
मग परत दिला.
"इतकं बारीक आता दिसत नाही गो. बोटाने दाखव."
मी तिचा तळहात उघडला
आणि अंगठ्याच्या मुळाशी
तिच्या जमिनीत किती घुसणार आहे ते काढलं.
"चिरे किती काढायचे?"
दोन.
"तीन काढ. माझी मांजरपण जाईल."
आणि एक अट : गाडी पडवीसमोर थांबली पाहिजे.

थांबते. दीड मिनिट.
सव्वापाचला, पंप बंद झाला की,
मी पाथरीवर मूठ हाणते, शिक्का मारायचे तशी,
आणि गाडी सुटते :
हौद, जायफळ, पाटावरचा पूल,
जास्वंदीखालून अंधारात, आणि पलीकडे.
डबा हातात घेण्याआधी ती माल सांगते.
सुपारी खडखडते. रातांबा बसून राहतो.
लिंबू वळणावर एकदाच लोळतं.
एकदा मी मुद्दाम काहीच भरलं नाही.
"आज रुसलीस काय?" गडग्यापलीकडून आवाज आला.

खेकडे खडीखाली बिळं करतात.
वानराने एक डबा पोफळीवर नेला,
तो अजून तिथेच आहे.
मुंबईहून आलेली माणसं फोटो काढतात
आणि विचारतात, मुलांसाठी केलंत का?
मी हो म्हणते. वेळ वाचतो.

परवा गाडी सुटली
आणि मी चहा टाकायला आत वळले.
पाणी उकळायच्या आत हाक :
"काय गो कुंदे, सव्वापाचची राहिली कुठे?"
मला काहीच ऐकू आलं नव्हतं.
तिला, न आलेलं, ऐकू आलं होतं.

टॉर्च घेऊन गेले. पुलावर झावळ पडलेली,
इंजिन तिच्यात तोंड खुपसून
जागच्या जागी चाकं फिरवतंय,
मागचा डबा पाटात उलटा.
"येतेय!" मी ओरडले.
"माल काय?"
"कळेल तुला."

पाटात उतरले. पाणी गुडघ्याखाली, गार.
सातांतल्या पाच सापडल्या.
दोन वाहत गेल्या.
पाट गडग्याखालून तिच्या आगरात जातो,
कोर्टाच्या काळातही जायचा.