अर्धा फेरा

गॅरेजमध्ये दोन इंजिनं.
एक बाबाच्या व्होल्वोत,
चार लाख बारा हजार किलोमीटर चाललेलं.
झाकणाच्या आतल्या बाजूला त्याच्या हातचं, निळ्या रंगात:
पट्टा बदलला. पाऊस होता.
त्याला जाऊन सहा वर्षं झाली.

दुसरं ताडपत्रीखाली,
ऑस्टेनने लिक्सेलेच्या भंगारवाड्यातून आणलेलं,
टर्बोसकट. कारखान्यातूनच तसं घडलेलं.
ऑस्टेन आईचा नवरा.
हे वाक्य मी अजून एवढंच ठेवते.

त्याचं म्हणणं सरळ.
जुनं काढ, हे बसव.
बोल्ट तेच, माउंट तेच, दोन शनिवारांचं काम.
ह्याच्या पिस्टनांवर खालून तेलाची चिळकांडी उडते,
दाब सोसायलाच जन्मलेत ते.
तुझ्या इंजिनातले रॉड नऊ मिलिमीटरचे,
करंगळीहून बारीक.
त्यांना कुणी कधी सांगितलंच नाही
की असं काही अंगावर येणार आहे.

मी म्हटलं, टर्बो ह्यालाच लावायचाय.
का, असं त्याने विचारलं नाही.

टर्बो म्हणजे तरी काय,
वापरून झालेला श्वास
बाहेर पडता पडता एक चाक फिरवतो
आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक
ताजी हवा आत कोंबतं.
बर्फ उपसायच्या डेपोत माझ्याबरोबर असणारा पोन्टुस
ह्याला उसनं अवसान म्हणतो.
उसनं कसं? स्वतःचाच तर धूर.

नोव्हेंबरात ब्लॉकला भोक पाडायची वेळ आली.
टर्बोतलं तेल खाली उतरायला वाट हवी.
दुपारी दोनलाच अंधार, कपाळावर बॅटरी बांधलेली.
खडूने खूण केली, ड्रिल टेकवला,
आणि हात थांबला.
ऑस्टेनने बिटाला ग्रीस फासून दिलं,
कीस आत पडत नाही म्हणाला, चिकटून राहतो.
मग तो चहा ठेवायला निघून गेला,
बराच वेळ.

फेब्रुवारीत सरोवराचा रस्ता झाला.
पलीकडच्या काठाला जर्मन कंपन्यांची माणसं
अजून बाजारात न आलेल्या गाड्या
चट्ट्यापट्ट्यांच्या कापडात गुंडाळून
बर्फावर घसरवून बघत होती.
आमच्या बाजूला आम्ही दोघं.
उणे एकवीस.
थंड हवा दाट असते, इंजिनाला मानवते.

तिसरा गिअर. आधी काहीच नाही.
मग काटा हलला, शीळ आली,
आणि पाठ सीटला जाऊन लागली.
बाबाने ही गाडी कधी ऐंशीच्या वर नेली नव्हती.
एकशे दहा. एकशे तीस.
मग आतून आवाज,
डब्यात कुणी मूठभर खिळे हलवावेत तसा.
ऑस्टेन बोलला नाही.
फक्त त्याचा उजवा पाय
जिथे ब्रेक नाही तिथे, मॅटवर, दाबला गेला.

मी पाय उचलला.

घरी येऊन टायमिंग मागे घेतलं,
दाब उतरवला, पुन्हा उतरवला.
आता गाडी होती त्याहून जराशी चपळ आहे, इतकंच.
एवढ्यासाठी एवढा खटाटोप, पोन्टुस हसला.
हसू दे.
चढावर शीळ येते ती मला ऐकू येते.

मार्चमध्ये एकदा रात्री पाना घ्यायला गेले
तर गॅरेजचा दिवा चालू.
ताडपत्री बाजूला सारलेली.
ऑस्टेन त्या दुसऱ्या इंजिनाचे प्लग काढून
एकेका भोकात चमचाभर तेल सोडत होता.
मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून
अर्धा फेरा,
हाताने, सावकाश.
जाम होऊ नये म्हणून.

भिंतीवर पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर पेन्सिलीने
ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर,
दर महिन्याची एक तारीख.
त्याने आजची लिहिली.
ताडपत्री पुन्हा चारी बाजूंनी खोचली.

मी बाहेरच उभी होते, बर्फात, मोज्यांवर.
पाना दुसऱ्या दिवशी घेतला.