चौथी, नाव समजले नाही

रात्री साडेनऊला आमच्या घरात कराची लागते.
मोरेवाडीच्या माळावर, चित्रनगरीत उभी केलेली :
प्लायवूडचा बाजार, थर्माकोलची कमान,
उर्दू पाटीवर रंगाऱ्यानं विसरलेला एक नुक्ता,
आणि मागच्या गर्दीत जरीची टोपी घालून
आमच्या गॅस एजन्सीतला शिकलगार,
जो मागच्या मंगळवारी गोळी लागून मेला होता.

मी वहीत लिहिते : मूळ नसलेली नक्कल.
शनिवारी विद्यापीठात चर्चासत्र आहे.
उत्तरआधुनिकता आणि हेरमालिका. वीस मिनिटं, मग चहा.
लिहिते : 'खंड्या' या टोपणनावामागं दुसरं टोपणनाव,
त्यामागं तिसरं. सोलत जावं तर कांदा.
महाकथन कोसळलं की देश फक्त पार्श्वसंगीतात उरतो.
हे वाक्य मला आवडतं. खाली रेघ मारते.

सोफ्यावर अप्पा. म्हणजे बाबगोंडा मगदूम,
हवालदार, गोपनीय शाखा, निवृत्त.
मालिकेला हसतात, पण एक भाग चुकवत नाहीत.
"आरं, काळा गॉगल लावून कोण पाठलाग करतंय व्हय?
दिसायचं नसंल तर माणसानं कंटाळल्यागत दिसावं."

अठ्ठावीस वर्षं ते तसे दिसले.
दसरा चौकात, बिंदू चौकात, भवानी मंडपाच्या कमानीखाली;
उसाचा दर, गिरणीचा संप, हद्दवाढ, टोल.
चहा पदरचा. त्याचं बिल कधी पास झालं नाही.

अप्पा, अहवालात खरं किती असायचं?
ते रिमोट शोधतात. कुशनखाली सापडतो.
"सायबाला वाचवंल एवढं."
हेही मी लिहून घेते. तळटीप सात.

मग जाहिराती लागल्या तेव्हा ते उठले,
कपाटातून एक डायरी आणली, रबर लावलेली,
"तुझ्या त्या पेपरला व्हईल कायतरी" म्हणाले
आणि पाणी प्यायला आत गेले.
बराच वेळ आलेच नाहीत.

*दि. ११ ऑगस्ट. राजारामपुरी, आठवी गल्ली, गच्चीवर
विद्यार्थ्यांची बैठक. जिन्यातून ऐकले. हजर तेरा.
वक्ता सांगलीचा, कृश, दाढी.
'लेखक मेला' असे त्याने तीन वेळा सांगितले.
कोणता लेखक, कोठे मेला, खुलासा केला नाही.
उपस्थितांत दुःख दिसून आले नाही.
मुली चार : कु. नलवडे, कु. सनदी, कु. बारगीर.
चौथी, नाव समजले नाही. निळा पंजाबी ड्रेस.*

निळा.
पाडव्याला महाद्वार रोडवर घेतलेला,
अप्पांनी दुकानदाराशी अर्धा तास घासाघीस करून
चाळीस रुपये कमी करवलेले.

त्या दिवशी जिन्यात तेरा जोड चपला होत्या,
मला आठवतं, मी त्या ओलांडून वर गेले होते.
चौदावा जोड कुणाच्या तरी पायांतच होता.

आता हे कुठं घालू?
चिन्ह, चिन्हित, आणि मधे
आपल्या बापानं मोकळी सोडलेली जागा.
तळटीप आठ लिहिली, खोडली,
परत लिहिली, नुसता आकडा.
शाईनं लिहिलेल्या एवढ्या अहवालांमधे
खोटं वाक्य हे एकच असेल,
की अशी आणखी असतील, इतरांच्या पोरींसाठी?
विचारायला हवं. मी काही विचारलं नाही.

अप्पा येऊन बसले. कराची परत लागली.
शिकलगार आज दुसऱ्या टोपीत, खुशाल भेळ खात.
"ह्याला मेल्यावर जादा मिळत्यात," अप्पा म्हणाले, "दीडशे."
मी हसले नाही, तेही नाहीत.
पडद्यावर खंड्या आपलं कागदी नाव
काडी लावून जाळत होता, वाऱ्यानं काडी दोनदा विझली.
मोरेवाडीचा वारा तो, त्याला पटकथा माहीत नाही.

मी अप्पांकडं बघितलं नाही.
कंटाळल्यागत बसून राहिले.